वळणावर उभा राहणारा



मोटारींच्या शर्यतींविषयीं मजसारख्या निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मला मोटार चालवितां येत नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि नोकरीचें सारें आयुष्य रत्नागिरीच्या आसपासच्या शाळांतून, खडू व फळा यांच्या संगतींत गेलें. परंतु आज मी ज्या माणसाविषयीं बोलणार आहें तो मोटार हांकणारा नव्हे. मोटार ज्या वळणावरून जावयाची, त्या वळणावर तीन तीन तास अगोदर जाऊन हातांत कॅमेरा घेऊन उभा राहणारा आहे. तो कोणत्याही वर्तमानपत्राचा पगारी नोकर नाहीं. चित्र मिळालें आणि तें कोणीं विकत घेतलें, तर त्याची चूल पेटते. नाहीं तर गेल्या महिन्याच्या पैशांवर चालू महिना ढकलावा लागतो. अशा माणसास इंग्रजींत 'फ्रीलान्स' म्हणतात. १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरींत हा शब्द आला आहे, तो भाडोत्री भालाइतांना उद्देशून. ज्याचा भाला कोणा एका सरदाराच्या चाकरीस बांधलेला नाहीं, तो मोकळ्या भाल्याचा शिपाई. भाल्याच्या जागीं आतां कॅमेरा आला, एवढेंच. मराठींत आपण त्यास 'मुक्त छायाचित्रकार' म्हणतों. 'मुक्त' हा शब्द कानास गोड लागतो खरा. पण दावणीच्या बैलास निदान वेळेवर वैरण मिळते, हेंही विसरून चालत नाहीं.

हा माणूस माझा एके काळचा विद्यार्थी. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. तशी त्याचीच विनंती आहे. आमच्या मांडवीचा तो राहणारा. वडील मासेमारीच्या लाँचवर तांडेल होते. मुलगा वर्गांत बसे तो नेहमीं खिडकीकडे तोंड करून, आणि शाळा सुटली कीं जेटीवर. मांडवीची काळी वाळू आणि पलीकडची भाट्याची खाडी आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. त्या खाडीच्या मुखाशीं गाळ सांचून पाणी उथळ झालें आहे. वारा फिरला कीं तेथें लाटा फुटूं लागतात, आणि भरलेली लाँच आंत घेणें मोठें जिकिरीचें होतें. लाट कोठें फुटते, लाँच तिच्यावर केव्हां चढते, तांडेल कोणत्या क्षणीं सुकाणूं फिरवितो, हें तो पोरगा जेटीच्या टोकावर उभा राहून तासन्‌तास पाहत असे. आखातांत नोकरीस असलेल्या मामानें त्यास एक कॅमेरा आणून दिला. तो जुन्या तऱ्हेचा, फिल्म घालावयाचा. एका रोलांत छत्तीस चित्रें. पहिल्या रोलांतील चौतीस चित्रांत नुसतें पाणी किंवा नुसतें आभाळ होतें. एकांत लाँचची पाठ आली होती. आणि एका चित्रांत मात्र लाँचचा पुढचा भाग पाण्याबाहेर उचललेला, खालीं फेंसच फेंस, आणि नाळेवर पाय रोवून दोर धरलेला एक खलाशी!

तें चित्र घेऊन तो मजकडे आला. मीं तें पाहिलें, त्याची पाठ थोपटली, आणि लगेच विचारलें, "गणिताचा पेपर कसा गेला?"

पुढें दहावीचा निकाल लागल्यावर त्याचे वडील माझ्या घरीं आले. ओटीवर टेंकून म्हणाले, "गुरुजी, ह्याला कायतरी सांगा. फोटो काढून काय पोट भरतंय?" मीं मुलास बोलावून घेतलें व टंकलेखनाची परीक्षा देऊन एखाद्या कचेरींत चिकटण्याचा उपदेश केला. उपदेश करणें हा आम्हां मास्तर लोकांचा जुना आजार आहे. त्यानें सर्व ऐकून घेतलें, "होय गुरुजी" म्हटलें, आणि त्यांतलें कांहींही केलें नाहीं. आजच्या भाषणाचें निमित्त खरें म्हणजे तो उपदेशच आहे. पण त्याविषयीं मागाहून बोलतों.

त्याच्यामुळें मी या विषयाचीं पुस्तकें चाळूं लागलों. धांवत्या वस्तूचें चित्र घेणें ही गोष्ट आज पोरासोरांच्या हातांतल्या मोबाइलनें साधते. पण तिच्यासाठीं माणसानें पुष्कळ खटपट केली आहे. घोडा भरधांव धांवतांना त्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात कीं नाहीं, हा एके काळीं वादाचा प्रश्न होता. १८७८ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानें बारा कॅमेरे एका ओळींत मांडून या वादाचा निकाल लावला. पाय सुटतात, हें ठरलें. पण ते पुढें-मागें ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना! म्हणजे तोंवर चितारी लोक जे उडते घोडे काढीत आले होते, ते सारे चुकीचे. डोळ्यांसमोर घडणारी गोष्टही डोळ्यांस दिसत नाहीं, याचा असा पुरावा दुसरा मिळणें कठीण.

मोटारीच्या शर्यतीचें एक चित्र तर मला फारच आवडतें. झाक आंरी लार्तीग नांवाच्या एका फ्रेंच तरुणानें तें घेतलें. चित्र १९१२ सालचें म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वेळीं तो अठरा वर्षांचा होता. मोटार पुरती चौकटींत मावलेली नाहीं. तिचें चाक वाटोळें न दिसतां अंड्याच्या आकाराचें, पुढें झुकलेलें दिसतें, आणि रस्त्याच्या कडेचीं माणसें व खांब मागें कललेले! हा चमत्कार कसा झाला? त्या काळच्या कॅमेऱ्यांत एक बारीक फट कांचेवरून सरकत जाई व प्रकाश पट्ट्यापट्ट्यानें आंत येई. फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतों मोटार पुढें सरकली, म्हणून चाक झुकलें; आणि लार्तीगनें मोटारीबरोबर कॅमेराही फिरविला, म्हणून स्थिर उभीं असलेलीं माणसें उलट बाजूस कललीं. व्याकरणाच्या दृष्टीनें हें चित्र अशुद्धच म्हटलें पाहिजे. पण वेग म्हणजे काय, हें त्याच्याइतकें स्पष्ट सांगणारें शुद्ध चित्र मीं पाहिलेलें नाहीं. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत लार्तीगच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां कोठें जगास त्याची खरी ओळख झाली. तोपर्यंत त्याचें वय सत्तरीच्या घरांत गेलें होतें.

आपल्याकडेही या मार्गाचा एक मूळपुरुष होऊन गेला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, हे मुंबईंतील छायाचित्रांचे व्यावसायिक. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत लूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं, तीं पाहून त्यांनीं एकवीस गिनी मोजून इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला. आणि १८९९ सालीं त्यांनीं पहिलें काय टिपलें? राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे. हँगिंग गार्डनमधील कुस्ती! पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची. पुढें १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचें दृश्यही सावे दादांनींच टिपलें. हे परांजपे दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचेच. स्टुडिओंत पडद्यापुढें खुर्ची मांडून, "मान हलवूं नका" असें गिऱ्हाइकास बजावणारा माणूस एके दिवशीं कॅमेरा उचलून, जेथें कोणाचीच मान स्थिर नाहीं अशा ठिकाणीं जाऊन उभा राहतो, हें मला मोठें धाडसाचें वाटतें.

माझ्या विद्यार्थ्यानें हेंच केलें. आरंभीं तो लग्नांचीं चित्रें काढी; तीं तो आजही काढतो, कारण घरचा किराणा त्यांवरच येतो. परंतु त्याची खरी शाळा म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील चिखल-नांगरणीच्या स्पर्धा. श्रावणाच्या आगेंमागें संगमेश्वराकडच्या गांवांतून या भरतात. पाणी भरलेल्या शेतांत बैलांची जोडी सुटते, मागें नांगर धरून शेतकरी धांवतो, आणि किती सेकंदांत फेरा पुरा झाला तें मोजतात. गांवठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. चिखल पुरुषभर उंच उडतो. तेथें कॅमेरा घेऊन बांधावर उभें राहिलें म्हणजे पहिल्याच जोडीला कांच बरबटते, आणि बैल कोणीकडे वळेल याचा नेम नसतो. "बैलाच्या कानाकडे बघावं, गुरुजी," असें त्यानें मला सांगितलें, "तो वळण्याआधी कान वळतो." शिकविण्याच्या सबंध काळांत वर्गांतल्या मुलांविषयीं मला इतकी मोलाची खूण कोणीं सांगितली नव्हती.

घाटावरच्या बैलगाडा शर्यतींचीं चित्रेंही तो घेई. पण या मोकळ्या भाल्याच्या शिपायाची मिळकत किती बाहेरच्या गोष्टींवर टांगलेली असते पाहा. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद पडल्या. जनावरांच्या हालांचा विचार न्यायालयानें केला, त्याविषयीं मी येथें वाद घालीत नाहीं. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर महाराष्ट्रांत त्यांस पुन्हां परवानगी मिळाली, व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात-साडेसात वर्षांत गाडावाल्यांचें काय झालें हें पुष्कळांनीं लिहिलें. बांधावरच्या छायाचित्रकाराचें कोणीं लिहिलें नाहीं. तो मोटारींकडे वळला, तो या काळांत.

मोटारींची 'रॅली' ही साधी शर्यत नव्हे. शर्यतींत सर्व गाड्या एकदम सुटतात. रॅलींत एकेक गाडी ठराविक अंतरानें सोडतात, व घड्याळाशीं तिची झुंज असते. सार्वजनिक रस्त्याचा कांहीं भाग तेवढ्यापुरता बंद करून तेथें वेगाची परीक्षा घेतात. शेजारीं बसलेला सोबती पुढचें वळण कसें आहे तें वहींतून वाचून सांगतो, आणि चालक त्याच्या शब्दावर जीव टाकून गाडी फेंकतो. आमच्या शाळेंत शुद्धलेखन सांगतांना एवढा विश्वास कधीं कोणीं दाखविला नाहीं! आपल्या देशांत या खेळाचें मोठें दर्शन घडलें तें १९६८ च्या लंडन ते सिडनी या शर्यतींत. २४ नोव्हेंबर रोजीं लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकीं ७२ गाड्या दिल्ली व इंदूरवरून मुंबईस पोंचल्या, आणि तेथून 'चुसान' नांवाच्या बोटीनें ऑस्ट्रेलियास गेल्या. पुढें मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकारानें १९८० सालीं हिमालयन रॅली सुरू झाली व ती दहा वर्षें चालली. नाशिककडेही 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नांवानें स्पर्धा होत आल्या.

एके वर्षीं माझा विद्यार्थी मला अशाच एका रॅलीस घेऊन गेला. कोणती, तें सांगत नाहीं. पुढें जें घडलें त्याचा ठपका कोणावर ठेवण्याची माझी इच्छा नाहीं.

पहांटे साडेतीनला आम्ही निघालों. रस्ता बंद होण्यापूर्वीं आंत शिरावें लागतें, आणि एकदां शिरलें कीं शेवटची गाडी जाईपर्यंत बाहेर पडतां येत नाहीं. वाहन मागें ठेवून दोन-अडीच मैल चालत गेलों. त्याच्या पाठीवर सात-आठ किलोंचें ओझें, माझ्या हातांत पाण्याच्या बाटल्या व भाकरीचें गांठोडें. छायाचित्रकारास एक रंगीत जाकीट मिळतें, आणि त्यापूर्वीं एका कागदावर सही करावी लागते. त्याचा मथितार्थ असा कीं, मेलों तर माझा मी जबाबदार.

जागा निवडण्यास त्याला तासभर लागला, आणि सर्वांत अधिक मी शिकलों तें त्या तासांत. वळण पाहिलें कीं तो प्रथम जमिनीकडे पाहतो. आदल्या दिवशीं सराव झाला असेल तर खडीवर चाकांचे ओरखडे असतात. त्यांवरून गाडी कोठून घसरणार तें कळतें. मग वारा. वाऱ्याच्या खालच्या अंगास उभें राहिलें तर पहिल्या गाडीचा धुरळा दुसरी गाडी येईपर्यंत बसत नाहीं, व चित्रांत नुसती माती येते. मग ऊन. आणि शेवटीं पाठीमागची वाट. गाडी आपल्या अंगावर आली तर कोणीकडे उडी मारावयाची, हें ठरविल्याशिवाय तो कॅमेऱ्याची पिशवी उघडीत नाहीं. वळणाच्या बाहेरच्या बाजूस तो कधींच उभा राहत नाहीं. घसरलेली गाडी बाहेर फेंकली जाते, हा पदार्थविज्ञानाचा नियम मीं त्याला सातवींत शिकविला होता असें मीं अभिमानानें म्हणालों. "तुम्ही भोवऱ्याचं उदाहरण दिलं होतं," तो म्हणाला; "मला लाँच आठवली होती."

दुसरी एक गोष्ट मला नवी कळली. मला वाटे, जितका वेळ थोडा तितकें चित्र चांगलें. तसें नाहीं. एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत चित्र घेतलें तर चाकाचे आरे न्‌ आरे मोजतां येतात, पण गाडी रस्त्यांत बंद पडून उभी आहे असें वाटतें. म्हणून तो पुष्कळदां साठाव्या हिश्शाइतका सावकाश वेळ ठेवतो, आणि गाडीबरोबर कंबरेपासून वर सारें अंग फिरवितो. पाय मात्र रोवलेले. मग गाडी स्पष्ट येते, चाकें फिरतांना दिसतात, आणि मागचीं झाडें रेघारेघांनीं वाहून जातात. दहांत आठ चित्रें वाया जातात. लार्तीगनें शंभर वर्षांपूर्वीं जें केलें तेंच हें, फरक इतकाच कीं, आतां वायां गेलेल्या चित्रास फिल्मचे पैसे पडत नाहींत.

गाड्या सुरू झाल्या. आधीं मार्ग तपासणाऱ्या गाड्या शिट्टी वाजवीत गेल्या, मग दोन-दोन मिनिटांनीं एकेक स्पर्धक. आवाज डोंगरापलीकडून येतो, वाढतो, क्षणभर नाहींसा होतो, आणि एकदम समोर गाडी! सहा-सात गाड्या गेल्यावर आमच्या समोर, वळणाच्या बाहेरच्या अंगास, एक बाई व दोन मुलें पाऊलवाटेनें येऊन उभीं राहिलीं. जवळच्या वाडींतलीं असावींत. बाईच्या डोक्यावर गवताचा भारा होता. धोंडे लावलेल्या त्या कडेला उभें राहून मुलें गंमत पाहूं लागलीं. पंच पुढच्या वळणावर होता, त्याला तें ठिकाण दिसत नव्हतें. माझ्या विद्यार्थ्यानें ओरडून हात केले. मुलांनींही उलट हात केले.

या खेळाचा इतिहास मला तेव्हां ठाऊक नव्हता. १९०३ सालची पॅरिस ते माद्रिद ही शर्यत चालकांच्या व प्रेक्षकांच्या मृत्यूंमुळें बोर्दो येथेंच थांबवावी लागली होती. १९८६ सालीं पोर्तुगालच्या रॅलींत एक गाडी गर्दींत शिरून तीन प्रेक्षक ठार झाले, आणि त्या वर्षानंतर त्या जातीच्या अतिवेगवान गाड्या बंद करण्यांत आल्या. मला ठाऊक नव्हतें, त्याला होतें.

त्यानें गळ्यांतला कॅमेरा काढून माझ्या हातांत दिला आणि रस्ता ओलांडून तो धांवला. एक मूल काखेंत, दुसऱ्याचें मनगट धरलेलें, आणि बाईवर ओरडत तो उतारावरून वर चढला, तोंच आवाज आला. गाडी वळणावर आली ती आडवीच. तिची मागची बाजू घसरत गेली, कडेच्या धोंड्यांवर आदळली, दोन चाकें हवेंत उचललीं गेलीं. गाडी तशीच क्षणभर तोलली, पुन्हां खालीं आली, आणि खडीचा वर्षाव करीत निघून गेली. मुलें जेथें उभीं होतीं तेथला धोंडा खालच्या झुडपांत जाऊन पडला.

त्या दिवसाचें तें चित्र होतें, श्रोतेहो. दिवसाचें कशाला, त्या सबंध रॅलीचें. अशा एका चित्रासाठीं माणूस पांच-पांच वर्षें उन्हांत उभा राहतो. दुसरा छायाचित्रकार जवळपास नव्हता. कॅमेरा माझ्या हातांत, आणि कोणतें बटण दाबावयाचें तें मला ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तरी उपयोग नव्हता. मीं डोळे मिटून घेतले होते.

तो धापा टाकीत परत आला. मला वाटलें, चित्र गेलें म्हणून हळहळेल, निदान मजवर रागावेल. तो इतकेंच म्हणाला, "गुरुजी, जरा मागं सरा, पुढची गाडी येते," आणि त्यानें पुढच्या गाडीचें चित्र घेतलें.

संध्याकाळीं एका वर्तमानपत्राच्या कचेरींतून त्याला विचारणा झाली: ती गाडी घसरली म्हणतात, तिचें चित्र आहे काय? नाहीं म्हटल्यावर त्यांनीं दुसऱ्याकडून उभ्या गाडीचें चित्र घेतलें. जाण्यायेण्याचा खर्च, पेट्रोल, भाकरी सोडून बाकीचें जेवण, हें सारें पदरचें झालें. मुलांविषयीं त्यानें कोणास कांहीं सांगितलें नाहीं. मीं विचारलें, तेव्हां म्हणाला, "त्याचा फोटो कुठं आहे?"

आतां या धंद्याच्या पैशाविषयीं थोडें. पगारी छायाचित्रकार नोकरींत असतांना जें चित्र घेतो, त्याचा हक्क सामान्यतः मालकाचा. मुक्त माणूस स्वतःच्या खर्चानें, स्वतःच्या इच्छेनें चित्र घेतो, तेव्हां १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें तें त्याचें स्वतःचें. त्याच्या हयातींत व मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत. परंतु मेख अशी आहे कीं, कोणी मोबदला देऊन सांगून चित्र काढवून घेतलें, आणि उलट करार केला नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. दोन ओळींचा कागद करून न घेतल्यामुळें कित्येक पोरांचीं उत्तम चित्रें कायमचीं दुसऱ्याचीं झालीं आहेत. मालकी गेली तरी कर्ता म्हणून नांव सांगण्याचा हक्क कायदा राखून ठेवतो. पण हें किती जणांस ठाऊक असतें? माझ्या विद्यार्थ्याचें एक चित्र एका दुकानाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचें लावलेलें त्यानेंच मला दाखविलें. नांव नाहीं, पैसा नाहीं. दुकानदारानें चहा मात्र दिला.

नांवाची ही कथा जुनीच आहे. भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांची कीर्ति आहे, त्या होमाई व्यारावाला यांचीं आरंभींचीं चित्रें त्यांच्या पतीच्या, माणेकशॉ यांच्या नांवानें छापलीं जात. मुंबईंतील त्यांच्या पहिल्या चित्रांस दर चित्रास एक रुपया मिळाला, असें सांगतात. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें व पुढच्याच वर्षीं त्या वारल्या. एका रुपयापासून पद्मविभूषणापर्यंत जाणारे थोडे. एका रुपयावरच थांबणारे पुष्कळ.

म्हणून माझ्या त्या उपदेशाविषयीं सांगतों. तो सर्वस्वीं खोटा होता असें मला आजही म्हणवत नाहीं. माझ्या त्या विद्यार्थ्यास निवृत्तिवेतन नाहीं. एकदां पायाचें हाड मोडलें तेव्हां तीन महिने घर त्याच्या बायकोच्या शिवणयंत्रावर चाललें. कॅमेरा व भिंगें यांचें कर्ज फिटतें न फिटतें तों नवीन यंत्र बाजारांत येतें. कचेरींत चिकटला असता तर आज तो वरिष्ठ लिपिक असता आणि मीं दिलेल्या सल्ल्याचा दाखला मी गांवभर देत फिरलों असतों. मिळकतीचें गणित माझें बरोबर होतें. पण मुलगा माझ्यापुढें जें चित्र घेऊन उभा राहिला होता, तें मीं नीट पाहिलें नव्हतें. नाळेवरच्या त्या खलाशाचा दोर ताठ झालेला होता, हें मला पंचवीस वर्षांनीं तेंच चित्र पुन्हां हातांत घेतल्यावर दिसलें. दोर ताठ होण्याचा क्षण एकच असतो. त्याच्या आधीं तो लोंबतो, आणि नंतर सैल पडतो. तो क्षण येणार हें त्या चौदा वर्षांच्या पोरास आधीं कळलें होतें, आणि मीं त्यास गणिताच्या पेपराविषयीं विचारलें. हें मीं त्याला गेल्या गणपतींत घरीं आला असतां सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, "गणितांत मला अडतीस मिळाले होते, गुरुजी."

या पावसाळ्यांत त्याचें चिखल-नांगरणीचें एक चित्र एका वर्तमानपत्रांत मोठ्या आकारांत आलें. बैलांचे कान मागें, शेतकरी कंबरेपर्यंत चिखलांत आडवा, आणि नांगराची मूठ अजून हातांत. खालीं बारीक टाइपांत माझ्या विद्यार्थ्याचें नांव होतें. पण आडनांवांतली वेलांटी ऱ्हस्व असावयास पाहिजे ती दीर्घ पडली होती. मीं तो अंक घेतला, तांबड्या शाईनें वेलांटी दुरुस्त केली, आणि कात्रण ओटीवरच्या भिंतीस लावलें. परवां तो आला, त्यानें तें पाहिलें व हंसून म्हणाला, "पैसे अजून यायचेत, गुरुजी. तेवढेही सुधारून द्या."